आई तोतरी बोलतेय

चकतीकाकूंच्या दुकानात पाच डीव्हीडी प्लेअर होते आणि पाचांनाही नात्याची नावं होती. सगळ्यांत जुना, राखाडी, बटणांवरची अक्षरं पुसून गेलेला, तो म्हणजे सासूबाई. सासूबाईंना काहीही पसंत पडत नसे. चकती आत घ्यायची, घरघर करायची, बराच वेळ विचारात पडल्याचं सोंग करायचं आणि मग काही न सांगता ती बाहेर ढकलायची. दुसरी नणंद. ती चकती चालवायची, पण आवाजात हटकून काहीतरी खोट काढायची. मग दोघी जावा, एकीला चाललेलं दुसरीला म्हणून चालायचं नाही. आणि पाचवा जावई. हा मात्र समोर येईल ते मुकाट गिळायचा. असा जावई माणसांत बघायला मिळत नाही, असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आणि त्यांचा खरा जावई समोर बसलेला असला तरी सांगायच्या.

सासूबाईंनी घेतल्याशिवाय एकही चकती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, हा काकूंचा नेम. "हिने घेतली ना, की जगाच्या पाठीवर कुठेही चालेल," असं म्हणताना काकू त्या राखाडी डब्याच्या डोक्यावर हलकेच थोपटायच्या.

काकूंचं काम सांगायला सोपं आणि करायला डोकेदुखी. लोकांच्या माळ्यावर पडलेल्या कॅसेटी यायच्या, कुणाचं लग्न, कुणाचा वाढदिवस, कुणाच्या शाळेतलं नाटक. ती कॅसेट मशीनवर लावायची, तिच्यातलं चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचं. झाली फाइल. आता ही फाइल कॉम्प्युटरवर छान चालते, म्हणून लोकांना वाटतं संपलं काम. संपलं कसलं, इथून तर सुरुवात होते. कॉम्प्युटरला पन्नास बोली कळतात. घरी टीव्हीखाली असतो त्या डब्याला एकच कळते. चित्र अमुक मापाचं, आवाज तमुक जातीचा, फायलींची नावं ठरलेली, त्या ठेवायची जागा ठरलेली. एवढंसं इकडचं तिकडे झालं की डबा रुसला. पलीकडच्या रस्त्यावर एक दुकान होतं, तिथे फाइल उचलून जशीच्या तशी चकतीवर टाकून द्यायचे. ती माणसं दोन दिवसांनी चकती घेऊन काकूंकडे यायची आणि काकू त्यांना आधी पोटभर बोलून घ्यायच्या, मग काम करून द्यायच्या.

काकू पूर्वी याच जागेत कॅसेटींची लायब्ररी चालवायच्या. ती बसली. दुसरी कुणी असती तर शटर ओढून घरी गेली असती. काकूंनी चव्वेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटर आणला, पहिले सहा महिने नुसत्या चकत्या बिघडवल्या, आणि बिघडलेल्या प्रत्येक चकतीवर काय चुकलं ते मार्करने लिहून ठेवलं. असल्या चकत्यांची चळत छातीएवढी झाली तेव्हा त्यांना काम यायला लागलं. बोर्डावर 'कॅसेटवरून डीव्हीडी' असं रीतसर लिहिलेलं होतं, पण काकू कायम चकती, चकती करायच्या, म्हणून सगळा रस्ता त्यांना चकतीकाकू म्हणायचा. बोलणं अखंड. तोंडाला कुलूप म्हणून नाही. नवरा मीटर रीडर होता, निवृत्त झाल्यापासून दुकानात मागच्या खुर्चीवर बसायचा. त्याच्याकडे दोन कामं होती: चकत्यांवर लेबल चिकटवायची आणि दर शुक्रवारी, ज्यांचं काम होऊन गेलंय त्यांच्या फायली कॉम्प्युटरवरून पुसून टाकायच्या. त्या फायली म्हणजे नुसते हत्ती. पुसल्या नाहीत तर पुढच्या आठवड्याला जागाच उरत नसे.

एका मंगळवारी अकराच्या सुमाराला मागच्या गल्लीतली शिंपीण आली. चाळिशीची, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच राहिलेली. तिने कॅसेट काउंटरवर ठेवली. काकूंनी ती उचलून उजेडाकडे धरली आणि नेहमीची गाडी सोडली, की बुरशी धरलीय, लोकं कॅसेट जपून ठेवत नाहीत, मागाहून माझ्या नावाने शंख करतात, किती वेळाची आहे, कुणाची आहे. शिंपिणीने कानाकडे बोट केलं आणि हात हलवला. काकूंनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, पण जास्त मोठ्याने.

"अगं, तिला ऐकू येत नाही," मागून काका म्हणाले. "ओरडून काय होणार आहे?"

"मग आधी नाही का सांगायचं," काकू म्हणाल्या, जसं काही शिंपीण काकांच्या नात्यातली होती.

शिंपिणीला हे सगळं सवयीचं असावं. तिने पिशवीतून मापं टिपायची वही काढली, कोरं पान काढलं आणि लिहिलं: "यात माझी आई आहे. माझ्या घरी टीव्हीला डीव्हीडी प्लेअर आहे. त्यावर दिसेल का?"

काकूंनी पेन घेतलं आणि विचारायचं ते लिहून विचारलं. बोलताना चार वाक्यं लागतात तिथे लिहिताना एक पुरतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि फारसं आवडलं नाही. शिंपिणीच्या उत्तरांतून हळूहळू सगळं कळलं. आईलाही ऐकू येत नव्हतं. मुलगी अकरा वर्षांची असताना लांबच्या वसतिगृहाच्या शाळेत गेली. आईला लिहिता येत नव्हतं, मग पत्र पाठवणार कसं? मामाने कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला आणि आईने कॅमेऱ्यासमोर बसून हातांनी पत्र सांगितलं. वसतिगृहात कॅसेट लावायला मशीन नव्हतं. मग सुट्टीत बघू म्हणून ती राहिली, आणि सुट्टीच्या आधी आई गेली. कॅसेट कुठे गेली ते कुणाला आठवेना. आता तीस वर्षांनी मामाने घर बदललं तेव्हा कपाटामागून निघाली.

"म्हणजे तुम्ही अजून पाहिलीच नाही?" काकूंनी लिहिलं.

शिंपिणीने मान हलवली. मग खाली लिहिलं: "माझ्याकडे आईचा एक फोटो आहे. पण फोटोत तिचे हात खाली आहेत."

काकूंनी ते वाचलं, वही काकांना वाचायला दिली, परत घेतली. मग पानाच्या तळाशी मोठ्या अक्षरात लिहिलं, "दिसेल."

बुधवारी त्यांनी कॅसेट साफ केली आणि मशीनला लावली. बावीस मिनिटं. त्या बावीस मिनिटांत काकूंनी एक अक्षर काढलं नाही, काकांनाही खोकू दिलं नाही. चित्र कॉम्प्युटरमध्ये नीट उतरलं. नंतर कॅसेट मागे गुंडाळताना आतून कर्र आवाज आला, मशीनने पट्टी चावली, चुरगळली आणि दोन तुकडे केले. काकू कपाळाला हात लावून बसल्या. पण फाइल हाताशी होती. आता जे काही होतं ते त्या फायलीत होतं.

काम काकूंनी दुप्पट जीव लावून केलं, आणि तिथेच घोळ झाला. आधी आवाज. कॅसेटमध्ये पंख्याची घुंई होती, कॅमेऱ्याची खरखर होती. अर्धा दिवस कानाला हेडफोन लावून त्यांनी ती सगळी उपसली आणि आवाज आरशासारखा केला. मग चित्र. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हात हलला की बोटांच्या कडांना बारीक आडव्या रेषा दिसायच्या, कंगव्याच्या दातांसारख्या. कॅसेटवरून उतरवलेल्या चित्रात त्या असतातच. लग्नात माणसं गोठल्यासारखी उभी असतात, तिथे कुणाच्या लक्षात येत नाही. इथे मात्र बाई बसलेली आणि नुसते हात चाललेले. काकूंना ते बघवेना. प्रोग्रॅममध्ये रेषा घालवायची, टिक करायची एक चौकट होती. दहा-बारा वर्षांत त्यांनी तिला हात लावला नव्हता. या वेळी लावला. चित्र लोण्यासारखं मऊ झालं. सासूबाईंनी चकती पहिल्या फटक्यात घेतली. सासूबाई एवढ्या गोड वागतायत म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, हे काकूंना तेव्हाच कळायला हवं होतं. गुरुवारी काकांनी चकतीवर लेबल चिकटवलं, आणि दुपारी शिंपीण ती छातीशी धरून घेऊन गेली.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच ती पायरीवर उभी होती. डोळे सुजलेले. वही उघडूनच आणली होती.

"आई तोतरी बोलतेय," त्यात लिहिलं होतं.

काकूंनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "आवाजात गडबड दिसतेय," आणि नणंदेत चकती घालून हेडफोन कानाला लावायला लागल्या.

"अगं," काका म्हणाले, "तिला आवाजाशी काय करायचंय?"

काकूंचा हात तिथेच थांबला. अर्धा दिवस. जिला जन्मात ऐकू आलं नाही तिच्यासाठी त्यांनी अर्धा दिवस पंख्याची घुंई काढली होती. कानाच्या पाळ्यांपर्यंत त्या लाल झाल्या. बरं, ही चूक लपवायची सोयही नव्हती, कारण काका तर बघतच होते.

शिंपिणीने त्यांना मनगटाला धरून टीव्हीसमोर नेलं, चित्र पुढे पळवलं, थांबवलं, बोट ठेवलं आणि लिहायला लागली. "माझी आई तोतरी नव्हती. तिच्याइतकं भरभर आमच्यात कुणी बोलत नव्हतं. इथे शब्द अर्धे आहेत. हात इथून निघतो आणि तिथे पोचतो. मधलं नाही." जरा थांबून तिने पुढे लिहिलं, "ती मला हाक मारते, तीच दिसत नाही."

हाक म्हणजे काय ते तिने हाताने करून दाखवलं. दोन बोटांची चिमूट गालाजवळ आणायची आणि झटक्याने दोनदा तोडायची. लहानपणी आईच्या शेजारी बसून ही दातांनी दोरा तोडायची, म्हणून आईने हे नाव ठेवलेलं. कागदावरचं नाव वेगळं, ते शाळेत आणि बँकेत चालायचं. "या नावाने हाक मारणारं माणूस आता नाही," तिने लिहिलं.

काकूंनी ती जागा पुन्हा लावली. आईचा हात गालाजवळ गेला, तिथे नुसता धूर झाला आणि हात खाली आला.

आता काकूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॅसेटवरचं चित्र सेकंदाला पन्नास वेळा बदलतं, एकदा एकाआड एक रेषा, पुढच्या वेळी मधल्या राहिलेल्या रेषा. जुना टीव्ही आणि घरचा डबा त्या तशाच दाखवतात, म्हणून हालचाल सरळ सलग दिसते. कॉम्प्युटर दोन्ही एकदम दाखवायला जातो, म्हणून त्याच्यावर कंगवा दिसतो. काकूंनी कंगवा घालवायला दोन-दोनांची एकमेकांत कालवाकालव करून एक केलं होतं. पन्नासाची पंचवीस झाली. लग्नातल्या नवरदेवाला त्याने काही फरक पडला नसता. इथे बाईच्या बोलण्यातला निम्मा भाग त्यांनी स्वतःच्या हाताने, वर प्रेमाने, पुसून टाकला होता. दोष चित्रात नव्हताच मुळी. तो त्यांच्या पडद्यात होता.

"काही नाही, परत करते," असं म्हणत त्या उठल्या आणि उठता उठता खाली बसल्या. सोमवार होता. मध्ये शुक्रवार येऊन गेला होता.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक निघाला. "शुक्रवारी फायली पुसल्यात?"

"हो," काका म्हणाले. "म्हणजे तू सांगून गेलीस ना."

कॅसेट तुकडे होऊन पडलेली, फाइल पुसलेली. उरली ती धुराची चकती. या बाईला आता कुठल्या तोंडाने लिहून सांगायचं, की तुझ्या आईचं बोलणं तीस वर्षं कपाटामागे सुखरूप राहिलं आणि माझ्याकडे तीन दिवसांत संपलं.

"म्हणजे पुसायला बसलो होतो," काका पुढे म्हणाले. "पण चष्मा सापडेना. मग म्हटलं, उद्या बघू."

"मग?"

"मग उद्या राहिलं."

काकूंनी फाइल शोधली. जशीच्या तशी होती. एकतीस वर्षं त्या या माणसाच्या ढिलाईवर बोलत आल्या होत्या, पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, एकदा तर बसमध्ये अनोळखी बाईसमोर. त्या दिवशी त्यांनी अवाक्षर काढलं नाही, उलट उठून त्यांच्या पुढ्यात दुसऱ्यांदा चहा ठेवला. काका तो संशयाने बघत प्यायले.

शिंपिणीला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने फक्त काकूंचा चेहरा पांढरा पडताना आणि परत माणसात येताना पाहिला होता. तिने वही पुढे केली. "काय झालं?"

"काही नाही. माझा नवरा आळशी आहे," काकूंनी लिहिलं.

शिंपीण पहिल्यांदाच हसली. "माझाही," तिने लिहिलं.

काकूंनी त्या चौकटीतली टिक काढून टाकली, आवाजाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि चित्राला चकतीवर जेवढी जागा सासूबाईंना झेपेल तेवढी दिली. बावीसच मिनिटं, कंजुषी करायचं कारण नव्हतं. प्रोग्रॅमने विचारलं, वरची रेष आधी की खालची. काकूंनी घाईत वरची म्हटलं. चकती तयार झाली. पडद्यावर आईने हात उचलला आणि तो पुढे जाऊन मागे, पुढे जाऊन मागे, असा थरथरायला लागला. शिंपिणीने शांतपणे लिहिलं, "आता आईला थंडी वाजतेय."

दोघी हसल्या. मग काकूंनी खालची रेष आधी घेतली आणि परत केली. या वेळी सासूबाईंनी बऱ्याच कुरकुरीनंतर घेतली, नणंदेने घेतली, जावांनी घेतली. जावयाला त्यांनी विचारलंच नाही. पण आता काकूंचा कुणावर भरवसा राहिला नव्हता, स्वतःवर तर नाहीच. "तुमच्या डब्यावर बघू," त्यांनी लिहिलं, आणि काकांना दुकानावर ठेवून त्या शिंपिणीबरोबर मागच्या गल्लीत गेल्या.

खोली लहान होती. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला टांगलेले अर्धे शिवलेले शर्ट, जमिनीवर कापडाचे तुकडे बाजूला सारून केलेली वाट. टीव्ही कपाटावर होता आणि त्याच्याखाली काळा डबा, वर रिळांची टोपली. काकूंनी टोपली उचलून आधी डब्याची धूळ पुसली. सवयच ती. मग चकती आत सरकवली. डबा घरघरला. काकूंचा जीव टांगणीला लागला. दुकानातल्या पाचांना त्या ओळखत होत्या, हा सहावा परका होता. बराच वेळ पडदा निळाच राहिला.

मग चित्र आलं.

आई खुर्चीवर बसली होती. ती कॅमेऱ्याच्या मागे बघून कुणालातरी झापत होती, बहुतेक मामाला, कारण चित्र हललं, सरळ झालं, आणि तिने 'आता ठीक' अशी मान हलवली. काकू स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी टीव्हीकडे फार पाहिलं नाही, त्या शिंपिणीकडे पाहत होत्या. चुकलं असेल तर ते तिथे आधी दिसणार होतं.

आईने पदर सारखा केला, समोर पाहिलं आणि हात गालाजवळ नेला. चिमूट, झटका, झटका. एवढं स्वच्छ, की काकूंनाही वाचता आलं. शिंपीण उभीच होती. ती खाली बसली, जमिनीवर, कापडाच्या तुकड्यांतच. आईने पुन्हा हाक मारली. शिंपिणीचा हात आपोआप वर गेला, वर्गात हजेरीला जातो तसा, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही, कारण पुसायला डोळ्यांवर हात आला असता आणि तेवढं बघायचं राहिलं असतं.

मग आईने स्वतःकडे बोट केलं, डोळ्यांकडे केलं, भुवया उंचावल्या आणि काहीतरी विचारलं. विचारून ती थांबली. हात मांडीवर ठेवून, मान जराशी पुढे काढून, थेट समोर बघत ती उत्तराची वाट बघत राहिली.

शिंपिणीने उत्तर दिलं. दोन्ही हातांनी, मान जोरजोराने हलवत, पुन्हा पुन्हा.

काकूंना राहवेना. इतका वेळ त्या गप्प राहिल्या हेच खूप होतं. त्यांनी मशीनवरची वही ओढली, "काय विचारलं?" असं लिहिलं आणि हळूच तिच्या गुडघ्यावर ठेवली.

शिंपिणीने टीव्हीवरची नजर न काढता, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: "मी तुला नीट दिसतेय ना?"

खाली आणखी एक ओळ लिहिली. "मागच्या चकतीतही विचारलं होतं. तेव्हा मी नाही म्हणाले होते."

वही तिने परत दिली नाही, बाजूला ठेवली, कारण आई पुढे बोलायला लागली होती.